कान लावून काढलेला हिवाळा

येळवस जवळ आली की आमच्या घरात भांड्यांचा आवाज वाढतो. तसा तो एरवीही कमी नसतो, कारण स्वयंपाकघर अक्काच्या ताब्यात आहे आणि अक्काला ऐकू येत नाही. पातेलं फडताळात पोचलं एवढं तिला डोळ्यांनी दिसतं. वाटेत ते कशाकशावर आपटलं याच्याशी तिचा संबंध नाही. शेजारच्या घरी नवीन सून आली, तेव्हा आमच्यात रोज सकाळी भांडण होतं असा तिचा समज झाला होता. भांडण असतं तेव्हा अक्का मुळीच आवाज करत नाही, हे तिला पुढं कळलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या धाराशिव-लातूरकडं गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. नळदुर्गच्या हायवेवर गाड्या धावत असतात, पण दुकानांना कुलपं असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, तिला शाल गुंडाळायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे आणि त्यांना पांडव म्हणून हात जोडायचे. मग वाल-तुरीची आंबट भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर ताकातली आंबील आणि येईल त्याला जेवायला बसवणं. जोंधळा तेव्हा पोटरीत असतो, कणीस अजून पानाच्या आत. बायका म्हणतात, रान गरवार असतं, त्याचं हे डोहाळजेवण. चार वर्षांपूर्वीच्या येळवशीला मीही गरवार होते. रानाचे आणि माझे डोहाळे एकाच पातेल्यात शिजले, असं म्हणून आमच्या गल्लीनं माझी भरपूर थट्टा केली.

मी त्या थट्टेत हसत होते, पण माझं लक्ष आवाजांकडं होतं. तो सबंध हिवाळा मी कान लावून काढला.

त्याचं कारण सांगायचं तर आधी माझं नातं सांगायला हवं. मी या घरची सून आहे आणि भाचीही आहे. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडलांची थोरली बहीण. लग्नाआधी मी तिला ‘अगं आत्या’ म्हणायचे, अक्षता पडल्यावर ‘अहो आत्या’ झालं. आमच्याकडं आत्याच्या घरी भाची देणं यात कुणाला नवल वाटत नाही. परक्या दारात पोर टाकण्यापेक्षा बरं, असंच म्हणतात. माझ्या बाबतीत आणखी एक कारण होतं आणि ते चारचौघांत बोललं गेलं होतं. अक्का ही संतोषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण. तिचं लग्न झालेलं नाही. आत्यांच्या मागं तिला कोण बघणार? बाहेरची सून आली आणि तिनं नाक मुरडलं तर? “घरची पोर असली म्हंजे अक्काला जीव लावंल,” असं म्हणून आत्यांनी माझ्या वडलांकडं शब्द टाकला. मला अक्का लहानपणापासून आवडायची. संतोषही आवडायचा, पण ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

दिवस गेले तेव्हा नळदुर्गच्या डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. नात्यात लग्न आहे का? आहे. घरात जन्मापासून कुणाला काही? मी अक्काचं सांगितलं. आणि बोलता बोलता नानाचंही सांगितलं. नाना म्हणजे माझा काका, वडलांचा आणि आत्यांचा सगळ्यांत धाकटा भाऊ. तोही बहिरा होता. आता तो नाही, पण हुरड्याच्या दिवसांत त्याची आठवण हमखास निघते. माहेरच्या रानात पाखरं हाकायला त्याला बसवायचे. तो पत्र्याचा डबा अशा ताकदीनं बडवायचा की पाखरं तर पाखरं, शेजारच्या बांधावर आडवे झालेले म्हातारेही उठून बसायचे. त्याला कुणी सांगायला गेलं की तो खूश होऊन आणखी जोरात बडवायचा. मी हे हसत हसत सांगितलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

दोघांचीही घरात एकच गोष्ट सांगितली जायची: ताप आला आणि कान गेले. नानाला मोतीझरा, अक्काला नुसताच ताप. दोन पिढ्यांतल्या दोन तापांनी बाकी अंगाला धक्का न लावता नेमके कानच नेले, हे कुणालाही विचित्र वाटलं नव्हतं. मीही ती गोष्ट ऐकतच मोठी झाले होते.

त्यांची चिठ्ठी घेऊन आम्ही सोलापूरला गेलो, तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं. काही बहिरेपण रक्तातून येतं. आईकडून एक वाटा, वडलांकडून एक वाटा. एकच वाटा आला तर माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्हीकडून आला तर मूल जन्मापासून ऐकत नाही. आणि नात्यातल्या नात्यात लग्नं होत राहिली की दोन्हीकडं तोच वाटा असण्याची शक्यता वाढते. आधी अक्काचं रक्त तपासू, मग तुमचं, असं त्या म्हणाल्या. मी ऐकत होते आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. अक्काला जीव लावायला म्हणून मला या घरात आणलं, आणि त्याच मायेनं माझ्या लेकराच्या कानांवर हे आणून ठेवलं. दोष द्यायचा तरी कुणाला? बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले, आणि संतोषच्या वाट्याचाही प्यायले.

घरी आल्यावर आत्या ऐकेनात. “रक्ताला नावं ठिवू नका. माझ्या भावाला बी ताप आल्ता, पोरीला बी ताप आल्ता. म्या डोळ्यानं बघितलंय.”

“आत्या, तपासून घेऊ फक्त.”

“तपासा की. मी कुठं न्हाय म्हनायले?” त्या म्हणाल्या, आणि उठून शेरडाला पाला घालायला गेल्या.

अक्काला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरातल्या खुणा घरातच तयार झालेल्या आहेत. तिला शाळेत घातलंच नाही. मुक्या-बहिऱ्यांची शाळा लांब, आणि पोरीला दूर ठेवायला आत्यांचा जीव धजला नाही. त्यामुळं आत्या, संतोष आणि थोडीफार मी, एवढ्यांनाच तिचं बोलणं कळतं. संतोषनं माझ्या पोटाकडं बोट केलं, मग दंडावर सुई टोचल्याची खूण केली. अक्कानं लगेच पदर खोचला. दवाखान्यात रक्त काढून झालं, तर तिनं दुसराही हात पुढं केला. नर्स हसून नको म्हणाली, तरी तिचा हात बराच वेळ तसाच होता.

तपासणीला वेळ लागणार होता. मग सुरू झालं ते माझं ऐकणं. पाचव्या महिन्यापासून बाळाला पोटात आवाज कळतात, असं शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. मी सहावी-सातवीला इतिहास शिकवते. तिनं माझ्या मोबाइलवर गर्भसंस्काराची बासरी टाकून दिली. मी ती लावायचे आणि मधेच बंद करायचे. लावली तर वाटायचं, कुणासाठी? बंद केली तर वाटायचं, ऐकत असेल तर? असं बासरीशी भांडत बसण्यापेक्षा मी घरातले, रानातले आवाज मोजून मापून स्वतःच घ्यायला लागले. पहाटे थंडीत हायवेवरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न, तो गावाच्या अलीकडं मोठा आणि पलीकडं बारीक. बोअरची मोटर चालू होताना पाइपात आधी येणारी उचकी. शाळेत टोल पडला की पोरांचा उठणारा कल्ला. जोंधळ्याची वाळत आलेली पानं वाऱ्यावर एकमेकांना घासतात तो कोरडा आवाज. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली की दाणे तडतडतात, मग हातावर चोळताना कुसं निघाल्याची कुजबुज. हे सगळं मी आधीही ऐकलंच असणार. पण आपल्या लेकराला यातलं काही मिळणार नाही, असं मनात आलं की प्रत्येक आवाज कुणीतरी हिसकावून न्यायला आल्यासारखा वाटायचा, आणि मी तो घट्ट धरून ठेवायचे.

भीती खरी होती. मी शिकलेली आहे, बहिऱ्या माणसांची आयुष्यं किती चांगली चालतात हे मला ठाऊक आहे, लहानपणीच कळलं तर मशीन बसवता येतं, ऑपरेशन होतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी भाजी चिरताना एकदम हात थांबायचा. ‘आई’ अशी हाक आपल्याला कुणी मारेल का, एवढाच प्रश्न असायचा.

त्या येळवशीला मी खोपीच्या सावलीत पाय पसरून बसले होते. पूजा झाली, आणि आंबिलीचा तांब्या घेऊन रानाला फेरा मारायची वेळ आली. पिकावर आंबील शिंपडत, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असं ओरडत बांधाच्या धुऱ्यावरून पळायचं असतं. शब्द कानडीकडचे आहेत म्हणतात. अर्थ विचारला तर ज्याचा त्याचा वेगळा. आमच्या रानात हा मान अक्काचा. ती लहान असल्यापासून पळते. तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला, तांब्या उचलला आणि सुटली. तिच्या तोंडून निघतं त्यात ना ओलगे असतं ना पोलगे. एक लांब, भरड, आनंदी आरोळी असते, वर चढते आणि तिथंच राहते. शेजारच्या रानातून तिला रीतसर उत्तर आलं. त्याच्या पलीकडच्या रानातूनही आलं. कुणी वळून बघितलं नाही, कुणाला हसू आलं नाही, कारण अक्का ओरडल्याशिवाय या शिवारात येळवस लागत नाही.

आणि तेव्हा पोटात बाळ जोरात हललं. आरोळी ऐकून हललं, की मी दोन उंडे जास्त खाल्ले म्हणून हललं, ते मला सांगता येणार नाही. अक्का धापा टाकत परत आली, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि आंबिलीनं माखलेला हात सरळ पोटावर ठेवला. बाळ पुन्हा हललं. अक्काचे डोळे मोठे झाले. तिनं आधी स्वतःच्या कानाला हात लावला, मग माझ्या पोटाला, आणि भुवया उंचावल्या: ऐकतंय का? मी खांदे उडवले. माहीत नाही. त्या हिवाळ्यात हा प्रश्न तिनं मला किती वेळा विचारला असेल. मला वाटायचं, हिलाही आमच्याइतकीच काळजी लागलीय.

रिपोर्ट आला तो संक्रांतीच्या आसपास. अक्काचं कारण रक्तातच निघालं, आणि तोच वाटा संतोषकडंही होता, माझ्याकडंही होता. डॉक्टर म्हणाल्या, चार वाट्यांतला एक वाटा भीतीचा, तीन वाटे दिलाशाचे. पोटातल्या पाण्याची तपासणी करूनही कळू शकतं, पण त्यात थोडी जोखीम असते, आणि करायची की नाही हे तुम्हीच ठरवा. दवाखान्याच्या बाहेर रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो.

“कळून काय करायचं हाय आपल्याला?” संतोष म्हणाला.

“तयारी.”

“तयारी तर घरातच हाय की. अक्काला वाढवलंच ना आईनं.” मग म्हणाला, “आपुन आपल्या लेकराला शाळंत घालू. लांब असली तरी.”

मी मान हलवली. तपासणी केली नाही. त्या बाकावरून उठताना माझ्या मनावरचं निम्मं ओझं खाली राहिलं, असं आज वाटतं. शंका तशीच होती, पण ती आता एकटीची नव्हती.

आत्यांना आम्ही घरी येऊन सांगितलं. या वेळी त्या उठून गेल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे ताप नव्हता.”

“नव्हता.”

“म्याच मागून आनली तुला. परकी पोर अक्काला बगंल का न्हाय, म्हनून.” बोटाला गुंडाळलेला पदर त्यांनी डोळ्यांना लावला. “तुजं लेकरू म्याच...”

“आत्या, मी बघते की नाही अक्काला?”

“बगतीस की गं. लई बगतीस.”

“मग झालं तर. तुमचं काम फत्ते झालं. आता रडू नका, चहा टाका.”

त्या रडत रडतच उठल्या आणि चहात साखर टाकायची विसरल्या. तो बिनसाखरेचा चहा आम्ही तिघांनी मुकाट्यानं प्यायला. गेल्या वर्षी धाकट्या चुलत दिराच्या लग्नाचा विषय निघाला, तेव्हा भावकीतून नात्यातलीच एक मुलगी सांगून आली. आत्यांनी एका वाक्यात विषय संपवला: “नात्यात नगं, लांबची बगा.” भावकीला वाटलं, म्हातारीला गर्व चढला.

जोंधळा उपटायला आला तोवर मी जडावले होते. रानात बायका वाकून ताटं उपटायच्या आणि मी घरी अक्काच्या तावडीत असायचे. ती माझ्या पोटासमोर मांडी घालून बसायची आणि पोटाशी हातांनी बोलायची. भाकरी. पाणी. मांजर. पाऊस. पावसाला तिची दहाही बोटं वरून खाली उतरतात. मी तिला सांगून बघितलं की आत अंधार आहे, त्याला तुझे हात दिसत नाहीत. तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि पुन्हा मांजरापासून सुरुवात केली. दुपारच्या उन्हात, दारात कणसांचा ढीग, समोर अक्काची बोटं नाचताहेत, हे बघताना मी माझी काळजी कधी कधी साफ विसरून जायचे. मग आठवायची. मग पुन्हा विसरायचे. त्या दिवसांत मी सुखी होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गौरी झाली ती चैत्रात. ती रडली आणि मी रडणं ऐकलं, पण रडायला कान लागत नाहीत हे एव्हाना मला माहीत होतं. तिच्या उशाशी कुणी ताट आपटलं, तिनं अंग आकसलं, की आत्या म्हणायच्या, “दचाकली बग.” पुढच्या वेळी ती नाही दचकली की कुणीच काही बोलायचं नाही. महिना भरायच्या आत आम्ही तिला सोलापूरला कानाच्या तपासणीला नेलं. अक्का मागं राहायला तयार झाली नाही. गाडीचं दार धरून उभी राहिली, तेव्हा तिलाही घेतलं.

तपासणी एवढीशी. बाळ झोपलेलं, कानात मऊ बोंडासारखं काहीतरी ठेवलं आणि समोर पडद्यावर रेघा यायला लागल्या. एक कान, मग दुसरा. मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होते. “दोन्ही कान छान आहेत,” त्या म्हणाल्या. आत्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरलाच हात जोडले. संतोष बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी अक्काकडं वळले, कानाला हात लावला, गौरीकडं बोट केलं आणि चांगलं, अशी खूण केली. तिनं टाळ्या वाजवल्या. गौरीला उचलून तिचे मुके घेतले. पेढे घ्यायचं तिनंच सुचवलं.

परतीला नळदुर्गच्या अलीकडं एका धाब्यावर चहाला थांबलो. बाकीचे आत गेले, मी गौरीला पाजायला गाडीत थांबले, अक्का माझ्या शेजारी. ती काचेतून ट्रक बघत होती. मग माझ्या मांडीवर टिचकी मारून तिनं मला तिच्याकडं बघायला लावलं. ती खुणा करत होती आणि नेहमीपेक्षा सावकाश करत होती, मला नीट कळावं म्हणून. चांगलं झालं. लई चांगलं. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, गौरीकडं नेलं, दोन बोटं एकमेकांना जोडली: माझ्यासारखी येईल, असं वाटलं होतं. मग दोन्ही हात समोरासमोर धरून बोटं भरभर हलवली: दोघी बोललो असतो. आणि लगेच हातानं ते सगळं पुसून टाकलं, कपाळाला बोट लावलं, वेडी आहे मी, आणि हसली.

आम्ही ज्या गोष्टीला सबंध हिवाळा भीत होतो, तिची ती सबंध हिवाळा वाट बघत होती. तिनं दुसराही दंड पुढं केला होता तो कशासाठी, कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटलं आणि तितकाच आनंदही होत होता. एकीच्या आनंदात दुसरीचं काही हरवावं, याला काय म्हणतात मला माहीत नाही. मी गौरीला छातीपासून सोडवलं आणि अक्काच्या मांडीवर दिलं. ती जरा कुरकुरली. अक्कानं तिच्या तोंडासमोर दहा बोटं धरली आणि पाऊस पाडला. गौरी गप्प होऊन बघत राहिली.

त्याला आता साडेतीन वर्षं होऊन गेली. गौरीला आमच्यापेक्षा अक्काचाच सहवास जास्त. मी शाळेत, संतोष स्पेअर पार्टच्या दुकानात. तिची बडबड दिवसभर चालते आणि ती तोंड आणि हात दोन्हींनी एकदमच चालते. काल येळवशीची तयारी करताना दोघी ओट्यापाशी होत्या. भांडी वाजत होती. अक्का मला काहीतरी सांगायला लागली, वाल, तूर, चिंच, आणि पुढं काहीतरी फारच भरभर. मला कळलं नाही. मी अंदाजानं हात हलवून उत्तर दिलं. त्यावर अक्कानं कपाळावर हात मारून घेतला आणि गौरी हसत हसत जमिनीवर बसली.

“आई, तू म्हनलीस, मांजर भिजू घाल.”

“मग काय म्हणायचं होतं?”

तिनं ते करून दाखवलं. मी करून बघितलं. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिनं माझ्याकडं काळजीनं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात, माझ्या मनाला लागू नये म्हणून, विचारलं, “आई, तुझे हात असे बोबडे का गं? तुला ताप आल्ता का?”

मी म्हटलं, नाही गं बाई, मी जन्मापासूनच अशी आहे. तिनं बराच विचार केला. मग माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ करायला लागली.